नोंदवहीपासून प्रतीक्षायादीपर्यंत : पारलिंगी व्यक्तींची शासकीय आरोग्यसेवा आणि इचलकरंजी परिसर – एक ऐतिहासिक आढावा

१. प्रस्तावना

सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात साथी, लसीकरण, रुग्णालयांची उभारणी आणि वैद्यकशिक्षण या विषयांवर विपुल लेखन झाले आहे. रुग्णाला उपचारापर्यंत पोहोचण्यासाठी किती काळ थांबावे लागले, या प्रश्नाकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले आहे. वास्तविक, थांबणे हा शासकीय आरोग्यसेवेतील सामान्य माणसाचा सर्वांत परिचित अनुभव आहे. पारलिंगी व्यक्तींच्या बाबतीत हा अनुभव अधिक दीर्घ आणि अधिक गुंतागुंतीचा ठरतो. त्यांना केवळ रांगेत थांबावे लागत नाही. आपण रांगेत उभे राहण्यास पात्र आहोत हे आधी सिद्ध करावे लागते.

प्रस्तुत लेखात या प्रतीक्षेची ऐतिहासिक पार्श्वभूमी तपासण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी इचलकरंजी आणि भोवतालचा कोल्हापूर–सांगली–मिरज परिसर हा संदर्भ म्हणून घेतला आहे. महानगरापासून दूर असलेल्या, श्रमिकांची मोठी वस्ती असलेल्या आणि सीमाभागातील धार्मिक परंपरांशी जोडलेल्या शहरातून पाहिले असता या प्रश्नाचे जे रूप दिसते, ते मुंबईतून पाहिल्यास दिसत नाही.

संज्ञांविषयी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. जन्माच्या वेळी नोंदलेल्या लिंगापेक्षा ज्यांची लिंगओळख वेगळी आहे, अशा सर्वांसाठी येथे ‘पारलिंगी’ हा शब्द योजला आहे. ‘तृतीयपंथी’ हा शासकीय मराठीत रूढ झालेला शब्द आहे. हिजडा आणि जोगता ही विशिष्ट परंपरांची नावे असून त्यांचा अर्थ एकच नाही. जन्मतः स्त्री म्हणून नोंद झालेल्या पारलिंगी पुरुषांना तर यांपैकी कोणत्याच परंपरेत स्थान नाही. त्यामुळे ते समाजाच्या आणि शासनाच्या नजरेआड राहिले आहेत.

२. हक्क, इनाम आणि नोंदवही

मराठा राजवटीत हिजडा समुदायाचा शासनाशी असलेला संबंध हक्काच्या स्वरूपाचा होता. लॉरेन्स प्रेस्टन यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवून दिले आहे की, दख्खनमधील काही भागांत या समुदायातील व्यक्तींना गावांकडून अल्पशी रक्कम वा धान्य मिळण्याचे हक्क होते, तसेच काही ठिकाणी इनाम जमिनीही होत्या. हे हक्क गुरूकडून चेल्याकडे जात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबई इलाख्याच्या इंग्रज शासनाने सार्वजनिक सभ्यतेचे कारण पुढे करून या हक्कांना पाठबळ देणे बंद केले.

यानंतरचा टप्पा म्हणजे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. या कायद्याचा दुसरा भाग केवळ या समुदायासाठी होता. मुले पळविणे, त्यांचे लिंगच्छेदन करणे वा भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ खालील गुन्हा करणे असा ज्यांच्यावर संशय असेल, त्यांची नावे, निवासस्थाने आणि मालमत्ता यांची नोंदवही ठेवण्याची तरतूद त्यात होती. नोंद झालेल्या व्यक्तीने स्त्रीवेशात सार्वजनिक ठिकाणी वावरणे हा शिक्षापात्र गुन्हा ठरला. अशा व्यक्तीला अल्पवयीन मुलाचे पालकत्व, दत्तकविधान, दानपत्र व मृत्युपत्र या बाबींनाही मनाई करण्यात आली. १९११ मध्ये या तरतुदी रद्द झाल्या.

या कायद्याची अंमलबजावणी मुख्यतः उत्तर भारतात झाली, हे लक्षात ठेवले पाहिजे. कोल्हापूर हे संस्थान होते आणि इचलकरंजी ही त्याच्या अधिपत्याखालील घोरपडे घराण्याची जहागीर होती. त्यामुळे येथील पारलिंगी व्यक्तींची नावे त्या नोंदवहीत चढली असे म्हणता येणार नाही. तथापि, त्या कायद्याने घडविलेला प्रशासकीय दृष्टिकोन इलाख्यांच्या सीमा ओलांडून टिकला. ही माणसे म्हणजे पोलिसांचा विषय आहे, दवाखान्याचा नव्हे, अशी जी समजूत त्या काळी रुजली, ती स्वातंत्र्यानंतरही अनेक दशके कायम राहिली.

३. दंड संहितेचा धाक आणि दाईचा हात

आरोग्याच्या दृष्टीने १८६० च्या भारतीय दंड संहितेचे कलम ३२० अधिक महत्त्वाचे आहे. ‘जबर दुखापत’ म्हणजे काय, याची जी यादी या कलमात दिली आहे, तिच्यात लिंगच्छेदन हा पहिलाच प्रकार आहे. रुग्णाच्या संमतीने, त्याच्या हितासाठी आणि सद्भावनेने केलेल्या शस्त्रक्रियेला त्याच संहितेच्या कलम ८८ चे संरक्षण होते. अर्थात, कायद्याने शस्त्रक्रिया सरसकट निषिद्ध केलेली नव्हती. परंतु संरक्षण आहे की नाही हे खटला उभा राहिल्यावर ठरणार असेल, तर तो धोका पत्करण्यास शल्यविशारद सहसा तयार होत नाही. ही यादी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्येही त्याच प्रकाराने सुरू होते.

रुग्णालयाचे दार या रीतीने बंद राहिल्यामुळे हिजडा समुदायातील ‘निर्वाण’ हा विधी दाईच्या हाती राहिला. बहुचरा मातेच्या उपासनेशी जोडलेला हा विधी समुदायाच्या दृष्टीने पवित्र मानला जातो. त्यानंतर सुमारे चाळीस दिवसांच्या विश्रांतीची आणि शुश्रूषेची व्यवस्था समुदायच करीत असे. मात्र भूल, निर्जंतुकीकरण आणि रक्तस्राव थांबविण्याची साधने यांच्या अभावी त्यात जिवाला धोका होता. पुढील काळात दाईची जागा काही प्रमाणात खाजगी, बहुधा अपुऱ्या सोयींच्या दवाखान्यांनी घेतली. शासकीय सेवेतील दीर्घ प्रतीक्षेचा विचार करताना ही बाब विसरता येत नाही. शासकीय रुग्णालयात थांबण्याची वेळ येणे, हीच मुळात या इतिहासातील अलीकडची घटना आहे. तत्पूर्वी थांबण्यासाठी जागाच नव्हती.

४. जोगत्यांचा परिसर

इचलकरंजीचा परिसर यल्लम्मा-रेणुकेच्या उपासनेच्या क्षेत्रात येतो. बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्ती हे या उपासनेचे प्रमुख स्थान असून दक्षिण कोल्हापुरातील गावोगावी तिचे भक्त आहेत. डोक्यावर जग, हातात परडी, चौंडक्याची साथ आणि कपाळी भंडारा अशा रूपात देवीच्या नावाने जोगवा मागणारा जोगता येथील लोकजीवनात परिचित आहे. राजन गवस यांच्या ‘भंडारभोग’ या कादंबरीचा विषय हेच जीवन आहे.

आरोग्यसेवेच्या दृष्टीने जोगता परंपरेचे वेगळेपण असे की, तिच्यात लिंगच्छेदनाचा विधी आवश्यक मानला जात नाही. साडी नेसणे आणि देवीची सेवा स्वीकारणे हे त्या ओळखीचे लक्षण आहे. परिणामी, एखाद्या जोगत्याला शस्त्रक्रिया हवी असेलच असे नाही. त्याच्या गरजा मधुमेह, क्षयरोग, मानसिक ताण वा दातांचे दुखणे अशा सर्वसामान्य असू शकतात. परंतु रुग्णालयातील कक्ष पुरुषांचा आणि स्त्रियांचा अशा दोनच भागांत विभागलेला असतो. केस-पेपरवर नाव पुरुषाचे आणि समोर साडी नेसलेली व्यक्ती, एवढ्या विसंगतीने खिडकीपाशी कुजबूज सुरू होते. ही अडचण टाळण्यासाठी आजार अंगावर काढणे हीसुद्धा प्रतीक्षाच आहे. मात्र ती रुग्णालयाच्या बाहेर घडत असल्यामुळे कोणत्याही दप्तरात येत नाही.

५. एड्स नियंत्रण : रुग्ण म्हणून पहिली ओळख

भारतात राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम १९९२ मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी सांगलीत ‘संग्राम’ या संस्थेचे कार्य सुरू झाले. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या संघटनाबरोबरच पुढे याच भागात पुरुष व पारलिंगी देहविक्रेत्यांचे ‘मुस्कान’ हे संघटन उभे राहिले. रुग्णाने रुग्णालयात सन्मानाची वागणूक मागायची असते, हा विचार या संघटनांनी सीमाभागात रुजविला.

शासकीय पातळीवर २००७ पासूनच्या तिसऱ्या टप्प्यात लक्ष्यगट हस्तक्षेप प्रकल्पांचा विस्तार झाला. त्यांत तृतीयपंथीयांचा समावेश पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांच्या गटासोबत करण्यात आला. या कार्यक्रमामुळे अनेक पारलिंगी व्यक्तींनी प्रथमच शासकीय रुग्णालयाची पायरी चढली. समुपदेशन, रक्ततपासणी आणि एआरटी औषधे त्यांना विनामूल्य मिळू लागली. हे श्रेय नाकारता येणार नाही. तथापि, या सेवेची प्रेरणा संसर्ग रोखण्याची होती. ज्या व्यक्तीची रक्ततपासणी तत्परतेने होत असे, तिने संप्रेरकांच्या मात्रेविषयी विचारले तर उत्तर देणारा त्या व्यवस्थेत कोणी नव्हता. मग अनेकांनी औषधांच्या दुकानातून गर्भनिरोधक गोळ्या घेऊन स्वतःवरच उपचार केले. रक्तात गुठळी होण्याचा त्यातील धोका त्यांना कोणी सांगितला नाही.

२०११ च्या जनगणनेत प्रथमच स्त्री व पुरुष यांखेरीज ‘इतर’ हा पर्याय देण्यात आला. त्यात देशात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ व्यक्तींची नोंद झाली. ओळख उघड करण्यातील भीती लक्षात घेता हा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी असावा, असेच मानले जाते. तरीही आरोग्यसेवेच्या नियोजनासाठी एक किमान आधार त्यामुळे मिळाला.

६. कागदाला मुदत, उपचाराला नाही

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या याचिकेवर ऐतिहासिक निर्णय दिला. न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. ए. के. सिक्री यांच्या खंडपीठाने व्यक्तीला स्वतःची लिंगओळख ठरविण्याचा अधिकार मान्य केला, त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणे बेकायदेशीर ठरविले आणि रुग्णालयांत योग्य वैद्यकीय सेवा पुरविण्याचे निर्देश केंद्र व राज्य शासनांना दिले.

या निर्णयानंतर पाच वर्षांनी पारलिंगी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियम, २०१९ संमत झाला आणि १० जानेवारी २०२० पासून अमलात आला. त्याच्या कलम १५ मध्ये संप्रेरक उपचार, लिंगबदल शस्त्रक्रिया, त्यापूर्वीचे व नंतरचे समुपदेशन, वैद्यकीय अभ्यासक्रमाचा फेरविचार आणि विमा संरक्षण यांची जबाबदारी शासनावर टाकण्यात आली. २०२० च्या नियमांनी ओळख प्रमाणपत्र तीस दिवसांत आणि शस्त्रक्रियेनंतरचे सुधारित प्रमाणपत्र पंधरा दिवसांत देण्याची मुदत जिल्हाधिकाऱ्यांना घालून दिली. येथे एक विसंगती प्रकर्षाने जाणवते. प्रमाणपत्राला मुदत आहे. परंतु दोन प्रमाणपत्रांच्या दरम्यान जो प्रत्यक्ष उपचार व्हायचा, त्याच्या पहिल्या भेटीला वा शस्त्रक्रियेला कोणतीही मुदत ठरविण्यात आली नाही.

पुढील काळात काही स्वागतार्ह पावले पडली. २४ ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण आणि सामाजिक न्याय विभाग यांच्यात करार होऊन आयुष्मान भारत योजनेअंतर्गत पारलिंगी व्यक्तींना वार्षिक पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण जाहीर झाले. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईच्या गोकुळदास तेजपाल रुग्णालयात तीस खाटांचा स्वतंत्र कक्ष सुरू झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीने, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, लिंगविसंगतीला मानसिक विकारांच्या प्रकरणातून बाहेर काढले. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ मधील आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने पाठ्यपुस्तकांतील अवमानकारक मजकूर दूर करण्याविषयी सूचना दिल्या. पण आज रुग्णालयांत कार्यरत असलेल्या बहुतेक डॉक्टरांचे शिक्षण त्यापूर्वीच्या पुस्तकांवर झालेले आहे, हेही तितकेच खरे.

प्रतीक्षा केवळ रुग्णालयातच निर्माण होते असे नाही, हे बीड जिल्हा पोलीस दलातील एका कर्मचाऱ्याच्या गाजलेल्या प्रकरणातून दिसून आले. जन्मतः स्त्री म्हणून नोंद झालेल्या या कर्मचाऱ्याने २०१७ मध्ये शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. ती नाकारली गेल्यामुळे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जाण्यास सांगितले आणि अखेर शासनाच्या पातळीवर अनुमती मिळाल्यानंतर मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर उपलब्ध होते आणि रुग्णालयही शासकीय होते. विलंब झाला तो रजेच्या अर्जाचा.

७. इचलकरंजीहून निघणारी वाट

१९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसविला आणि पंचगंगेकाठचे हे गाव कालांतराने वस्त्रनगरी झाले. येथील बहुसंख्य कुटुंबे मागावरील पाळीवर वा त्यासंबंधीच्या कामांवर अवलंबून आहेत. ज्या दिवशी काम नाही, त्या दिवशी मजुरी नाही, हा येथील श्रमाचा नियम आहे.

शहरात इंदिरा गांधी सामान्य रुग्णालय आहे. पूर्वी नगरपरिषदेकडे असलेले हे रुग्णालय नंतर राज्य शासनाकडे वर्ग झाले. परंतु लिंगपुष्टी उपचारांसाठी मनोविकारतज्ज्ञ, अंतःस्रावतज्ज्ञ, प्लास्टिक सर्जन आणि मूत्ररोगतज्ज्ञ यांनी एकत्र काम करावे लागते. अशी सांगड वैद्यकीय महाविद्यालयाच्या पातळीवरच संभवते. कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आणि १९६२ मध्ये स्थापन झालेले मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही दोन्ही ठिकाणे इचलकरंजीपासून साधारण तीस किलोमीटरच्या परिघात येतात. विशेष शस्त्रक्रियेसाठी मात्र बहुतांशी पुणे वा मुंबई गाठावी लागते, आणि मुंबईचे अंतर जवळपास चारशे किलोमीटर आहे.

या वाटेवरील टप्पे मोजले तर प्रतीक्षेचे खरे स्वरूप ध्यानात येते. प्रथम आधार कार्ड, शाळेचा दाखला आणि नाव यांतील तफावत दूर करणे. नंतर जिल्हा पातळीवरील प्रमाणपत्र. त्यानंतर विमा योजनेचे कार्ड. मग मनोविकारतज्ज्ञांच्या भेटी. संप्रेरकांची सुरुवात आणि ठरावीक अंतराने रक्ततपासण्या. शेवटी शस्त्रक्रियेचा दिनांक. प्रत्येक टप्प्यावर एक खिडकी आहे आणि प्रत्येक खिडकीवर थोडे थांबणे आहे. कोणत्याही एका खिडकीवरील विलंब फार मोठा वाटत नाही. परंतु मागावरील एक पाळी बुडवून एसटीने मिरजेला जायचे आणि ‘साहेब आज रजेवर आहेत, पुढच्या आठवड्यात या’ हे उत्तर ऐकून परतायचे, असे तीन-चार वेळा घडले की मनुष्य जाणे सोडून देतो. पैसा असलेली व्यक्ती खाजगी रुग्णालयाकडे वळते. नसलेली व्यक्ती कर्ज काढते, गुरूच्या आश्रयाला जाते किंवा मन मारून राहते. शासनाच्या लेखी मात्र हे तिघेही कधी रांगेत नव्हतेच.

८. तुलनेसाठी दोन उदाहरणे

तमिळनाडूने २००८ मध्ये तृतीयपंथीयांसाठी स्वतंत्र कल्याण मंडळ स्थापन केले आणि चेन्नईतील शासकीय रुग्णालयांत विनामूल्य शस्त्रक्रियेची सोय केली. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाच्या सहा वर्षे आधीच हे घडले, म्हणजे राज्य शासनाची इच्छा असल्यास केंद्रीय कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

दुसरे उदाहरण इंग्लंडचे आहे. लंडनमध्ये चेरिंग क्रॉस येथे सुरू झालेले क्लिनिक १९६६ पासून ही सेवा देत आहे. राष्ट्रीय आरोग्य सेवेत तज्ज्ञांकडील उपचार अठरा आठवड्यांत सुरू व्हावेत असा दंडक असताना लिंगओळख क्लिनिकमधील पहिल्या भेटीसाठी रुग्णांना कित्येक वर्षे थांबावे लागत असल्याचे उघड झाले. या विलंबाविरुद्धची याचिका २०२३ मध्ये तेथील अपील न्यायालयानेही फेटाळली. तरीही आपल्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट अशी की, त्या खटल्यात प्रतीक्षा आहे की नाही, हा वादाचा मुद्दाच नव्हता. किती जण थांबले आहेत आणि किती काळापासून, याचे आकडे आरोग्यसेवेने स्वतः ठेवले होते. यादी लांब आहे म्हणून लोकांना शासनाला जाब विचारता आला. महाराष्ट्रातील शासकीय रुग्णालयांची अशी एकत्रित प्रतीक्षायादी प्रसिद्ध होत नाही. म्हणून येथे प्रतीक्षेची तक्रार करणाऱ्याला आधी प्रतीक्षेचे अस्तित्वच सिद्ध करावे लागते.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनातून असे दिसते की, गेल्या दीडशे वर्षांत शासनाने पारलिंगी व्यक्तींची नोंद वेगवेगळ्या हेतूंनी केली. १८७१ मध्ये संशयित म्हणून, १९९० नंतर संसर्गाचा धोका असलेला गट म्हणून, २०११ मध्ये जनगणनेतील ‘इतर’ म्हणून आणि २०२० नंतर प्रमाणपत्रधारक म्हणून. उपचारासाठी थांबलेला रुग्ण म्हणून त्यांची नोंद करणे तेवढे राहून गेले.

नोंदवही आणि प्रतीक्षायादी या दोहोंतही नावेच असतात, परंतु त्यांचा अर्थ परस्परविरुद्ध आहे. नोंदवहीतील व्यक्ती शासनाला उत्तरदायी असते. प्रतीक्षायादीतील व्यक्तीला शासन उत्तरदायी असते. १८७१ चा अनुभव असलेल्या समुदायाला कोणत्याही यादीची भीती वाटणे स्वाभाविक आहे. म्हणून अशी यादी नावांची नव्हे, तर क्रमांकांची असावी. ती पोलीस वा महसूल यंत्रणेकडे न जाता रुग्णालयाकडेच राहावी. आणि किती रुग्ण किती महिन्यांपासून थांबले आहेत एवढीच माहिती दर तिमाहीस प्रसिद्ध व्हावी. प्रमाणपत्राप्रमाणेच पहिल्या वैद्यकीय भेटीलाही मुदत असावी. समुपदेशन, संप्रेरक आणि रक्ततपासणी या सेवा कोल्हापूर व मिरज येथे ठरलेल्या दिवशी उपलब्ध झाल्या, तर इचलकरंजीच्या रुग्णाला मुंबईची वाट केवळ शस्त्रक्रियेपुरतीच धरावी लागेल. या सूचनांना फार मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही.

महाविद्यालयीन अध्यापकांचाही या प्रश्नाशी संबंध आहे. आपल्या वर्गातील एखादा विद्यार्थी वा विद्यार्थिनी शाळेच्या दाखल्यावरील नावाने हाक मारली की अवघडून जाते, हे पुष्कळदा प्रथम शिक्षकाच्याच लक्षात येते. दाखल्यावरील नाव बदलण्याचा अर्ज प्राचार्यांच्या टेबलावर किती दिवस पडून राहतो, तेवढी त्या विद्यार्थ्याची प्रतीक्षा आपण वाढवीत असतो. इतिहासाच्या अध्यापकांवर आणखी एक काम आहे. या परिसरातील जोगते, हिजडा गुरू आणि वयोवृद्ध पारलिंगी व्यक्ती यांच्या आठवणी त्यांच्या संमतीने आणि नाव गुप्त राखून मौखिक इतिहासाच्या पद्धतीने नोंदविल्या गेल्या पाहिजेत. निर्वाणाच्या त्या चाळीस दिवसांत शुश्रूषा करणारे हात कोणाचे होते, हे सांगणारी पिढी आता थोडीच उरली आहे.